आर्मेनियन लढले का? आणि लढले तिथे पुढे काय झालं?

पहिल्या महायुद्धात उस्मानी (तुर्की) साम्राज्याच्या सरकारने आपल्याच आर्मेनियन प्रजेचा वंशसंहार केला. १९१५ च्या या वंशसंहाराबद्दल पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या मनात हमखास एक प्रश्न येतो. सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत माणसं मेल्याचे अंदाज आहेत. बहुतेक अभ्यासक दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून वरचा आकडा धरतात. मग एवढे लोक गप्प कसे बसले? हातात मिळेल ते घेऊन उभे का राहिले नाहीत?

विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण या प्रश्नाने मेलेल्यांवरच ठपका येतो. शिवाय तो अर्धवट माहितीवर उभा आहे. काही ठिकाणी आर्मेनियन लढले, आणि शेवटच्या काडतुसापर्यंत लढले. वान शहरात, मूसा दागच्या डोंगरावर, उर्फ्यात, शाबिन-काराहिसारच्या किल्ल्यात, सासूनच्या डोंगराळ मुलखात. बाकी शेकडो गावांत लढाई झाली नाही, कारण तिथे लढायला माणसं आणि हत्यारं शिल्लकच ठेवली नव्हती. हे कसं घडवून आणलं ते आधी पाहायला हवं, नाहीतर वानची किंवा मूसा दागची हकीकत नुसती शौर्यकथा होऊन बसते.

आधी माणसं नेली, मग हत्यारं

आर्मेनियन हे ख्रिस्ती लोक. उस्मानी म्हणजे ऑटोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या सहा प्रांतांत (वान, बिटलिस, एर्झुरुम, दियारबकिर, हारपुत, सिवास) ते शेकडो वर्षं तुर्क आणि कुर्द शेजाऱ्यांबरोबर राहत होते. त्याखेरीज इस्तंबूल, इझमीर आणि दक्षिणेकडच्या किलिकिया भागातही त्यांची मोठी वस्ती होती. साम्राज्यात त्यांचा दर्जा दुय्यम. कर जास्त, कोर्टात त्यांच्या साक्षीला किंमत कमी, आणि हत्यार बाळगण्यावर बंधनं. सुधारणा मागितल्या तेव्हा सुलतान अब्दुल हमीद दुसरा याच्या काळात, १८९४ ते १८९६ दरम्यान, एक ते तीन लाख आर्मेनियन मारले गेले. १९०९ मध्ये अदाना भागात आणखी वीस हजारांच्या वर. म्हणजे १९१५ उजाडलं तेव्हा आपल्यावर काय येऊ शकतं याची आर्मेनियन लोकांना पुरती कल्पना होती. हंचाक आणि दाशनाक हे त्यांचे क्रांतिकारी पक्ष याच काळात उभे राहिले आणि गावांच्या रक्षणासाठी लढणारे 'फिदाई' तयार झाले.

१९०८ मध्ये 'तरुण तुर्क' म्हणवणाऱ्या सुधारणावादी राजकीय गटाने सुलतानाला राज्यघटना परत आणायला लावली, तेव्हा आर्मेनियनांनी रस्त्यांवर आनंद साजरा केला. दाशनाक पक्ष तर काही वर्षं तरुण तुर्कांचा मित्रपक्ष होता. नव्या कायद्याने ख्रिस्ती तरुणांनाही सैन्यात घेतलं जाऊ लागलं आणि समान नागरिक होण्याची ती खूण म्हणून बहुतेकांनी त्याचं स्वागत केलं. पुढे हीच गोष्ट घात करणारी ठरली.

ऑगस्ट १९१४ मध्ये सैन्यभरती पुकारली गेली. वीस ते पंचेचाळीस वयाचे आर्मेनियन पुरुष गावंच्या गावं रिकामी करून पलटणींत गेले. डिसेंबर १९१४ मध्ये युद्धमंत्री एन्व्हर पाशाने ऐन हिवाळ्यात सारिकामिशच्या बर्फाळ डोंगरांत रशियावर चढाई केली आणि जवळजवळ सगळी तिसरी सेना घालवून बसला. त्या सेनेत आर्मेनियन शिपाईही होते. खुद्द एन्व्हरने कोन्याच्या आर्मेनियन बिशपला पत्र लिहून त्यांच्या कामगिरीची तारीफ केली. त्याच सुमारास, फेब्रुवारी १९१५ च्या अखेरीस, त्याच्याच खात्याचा हुकूम निघाला की आर्मेनियन शिपायांच्या हातातल्या बंदुका काढून घ्याव्यात. त्यांना रस्ते बांधायला आणि ओझी वाहायला लावलं. या 'अमेले ताबुरू' म्हणजे मजुरांच्या पलटणी. पुढच्या महिन्यांत त्यांतले बहुतेक जण टोळ्याटोळ्यांनी बाजूला नेऊन मारले गेले.

गावात मग उरले म्हातारे, बाया आणि पोरं. त्यानंतर हत्यारांची झडती सुरू झाली. प्रत्येक वस्तीने इतक्या बंदुका जमा केल्याच पाहिजेत असा तगादा. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांना मारहाण. त्या काळच्या अमेरिकन वाणिज्यदूतांच्या आणि मिशनऱ्यांच्या अहवालांत येतं, की छळ टळावा म्हणून लोक तुर्क ओळखीच्यांकडून बंदुका विकत घेऊन सरकारात जमा करत. जमा झालेल्या बंदुकांचे ढीग करून फोटो काढले जात आणि 'हा पाहा बंडाचा पुरावा' म्हणून दाखवले जात.

मग पुढारी उचलले. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री इस्तंबुलात अडीचशेच्या आसपास लेखक, वकील, डॉक्टर, संपादक, आमदार पकडून नेले. त्यातले बहुतेक परत आले नाहीत. हेच लहान प्रमाणावर प्रत्येक शहरात झालं. आता गावात दवंडी पिटली जाई की अमुक दिवसांत निघायचं आहे. जथा निघाला की उरलेसुरले पुरुष पहिल्याच मुक्कामावर वेगळे काढून मारायचे आणि बायकापोरांना सीरियाच्या वाळवंटाकडे, देर-अझ-झोरच्या दिशेने चालवत न्यायचं. गृहमंत्री तलत पाशाच्या खात्यातून तारेने हुकूम जात, आणि 'तेश्किलात-इ-महसूसा' या गुप्त संघटनेच्या टोळ्या, ज्यांत तुरुंगातून सोडलेले गुन्हेगार भरले होते, वाटेत कत्तली करत.

हा क्रम नीट लक्षात घ्या. हद्दपारीचा हुकूम कानावर येईपर्यंत लढू शकणारा पुरुष गावात नव्हता, बंदूक घरात नव्हती आणि 'काय करू या' हे ठरवणारं माणूस तुरुंगात होतं. शिवाय प्रत्येक गावाला वाटत होतं की हे फक्त आपल्यापुरतं आहे, आणि हुकूम पाळला तर निदान जीव वाचेल.

झैतूनचं उदाहरण बघा. किलिकियाच्या डोंगरांतलं हे गाव लढाऊ म्हणून नावाजलेलं. १८९५ मध्ये झैतूनकरांनी सुलतानाच्या फौजेला महिनोन् महिने झुंजवलं होतं, शेवटी युरोपीय वाणिज्यदूतांनी मध्यस्थी केली. लढायचंच असतं तर इथे लढायला हवं होतं. पण मार्च १९१५ मध्ये सैन्यातून पळालेले काही तरुण एका मठात अडून लढले तेवढंच. बाकी गावाने शस्त्र उचललं नाही. किलिकियाचे धर्मगुरू साहाक यांनी कळवलं होतं, की सरकारला निमित्त देऊ नका, नाहीतर सगळ्याच आर्मेनियनांवर संकट येईल. गावाने ऐकलं. आणि पहिल्यांदा हद्दपार झालेल्या गावांत झैतून होतं.

वान

वान हे साम्राज्याच्या पूर्व टोकाचं शहर, भल्यामोठ्या सरोवराच्या काठी. खडकावरच्या प्राचीन किल्ल्याच्या पायथ्याशी तटबंदीचं जुनं शहर, आणि काही अंतरावर ऐगेस्तान, म्हणजे बागांमध्ये पसरलेली नवी वस्ती. आर्मेनियनांची संख्या इथे मोठी होती आणि रशियन सरहद्द जवळ.

१९१५ च्या सुरुवातीला एन्व्हरचा मेहुणा जेवदेत बे इथला वाली, म्हणजे प्रांताचा प्रमुख होता. त्याने हजारो आर्मेनियन तरुण सैन्यासाठी मागितले. मजुरांच्या पलटणींत काय होतंय हे वानकरांच्या कानावर आलेलं होतं. त्यांनी उत्तर दिलं की काहीशे माणसं देतो, बाकीच्यांसाठी रीतसर माफीचे पैसे भरतो. जेवदेत ऐकेना. १६ एप्रिलला त्याने आर्मेनियन पुढारी इश्खान याला एका गावातला तंटा मिटवायला पाठवलं आणि वाटेतच मारवलं. दुसरे पुढारी व्रामियान हे उस्मानी संसदेचे सभासद. त्यांना भेटीला बोलावून अटक केली. तेही मारले गेले. तिसरा होता आराम मानुकियान. तो भेटीला गेला नाही.

त्याच दिवसांत आसपासच्या खेड्यांत कत्तली सुरू झाल्या होत्या. याचा एक साक्षीदार आर्मेनियनांच्या बाजूचा नाही. व्हेनेझुएलाचा रफाएल दे नोगालेस हा साहसी गृहस्थ उस्मानी सैन्यात अधिकारी म्हणून नोकरी करत होता आणि पुढे वानवर तोफा डागण्याचं काम त्याच्याकडेच होतं. त्याने लिहून ठेवलंय, की सरोवराकाठच्या अदिलजेवाझ गावात त्याने स्थानिक अधिकाऱ्याला कत्तल थांबवायला सांगितलं, तेव्हा त्याला उत्तर मिळालं: बारा वर्षं आणि त्यावरच्या सगळ्या आर्मेनियन पुरुषांना मारायचा वालीचा हुकूम आहे.

२० एप्रिलला सकाळी खेड्यातून शहराकडे येणाऱ्या बायकांपैकी एकीला तुर्की शिपायांनी ओढलं. दोन आर्मेनियन तिला सोडवायला धावले आणि तिथेच गोळ्या खाऊन पडले. जर्मन अनाथाश्रमातल्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर गोळीबार पेटला तो जवळजवळ महिनाभर थांबला नाही.

वानच्या तयारीबद्दल अमेरिकन मिशनच्या लोकांनी बारकाईने लिहून ठेवलंय, म्हणून ती आपल्याला जवळून दिसते. ऐगेस्तानचा साधारण चौरस मैलाचा भाग आर्मेनियनांनी धरला. ऐंशीच्या आसपास घरांच्या भिंती पक्क्या करून मोर्चे बांधले, मधल्या भागात खंदक खणले. दीड हजार लढवय्ये होते, पण रायफली जेमतेम तीनशे. बाकीच्यांच्या हातात पिस्तुलं आणि जुनाट बंदुका. दारूगोळा तर इतका कमी, की शत्रूला भलतीकडे गोळ्या उधळायला लावायच्या युक्त्या काढाव्या लागत. शहरातच दारू कुटायची, काडतुसं भरायची. दिवसाला दोन हजार काडतुसं तयार होऊ लागली. लोहारांनी बॉम्ब फेकायच्या छोट्या तोफा ओतल्या. बायका शिवणकाम, स्वयंपाक आणि जखमींची शुश्रूषा बघत. पोरं निरोप पोचवत. आणि शाळेच्या मुलांचं बँडपथक तोफा धडधडत असताना वाजत असे.

लढणाऱ्यांना दिलेले नियम तर मला फार मोलाचे वाटतात. स्वच्छ राहा. दारू पिऊ नका. खरं बोला. शत्रूच्या धर्माला शिव्या देऊ नका. तुर्की रहिवाशांसाठीही एक पत्रक काढलं होतं. त्यात म्हटलं होतं की आमचं भांडण एका माणसाशी आहे, आमच्या तुर्क शेजाऱ्यांशी नाही. वाली येतील आणि जातील, पण आपल्या दोघांना इथे एकत्रच राहायचं आहे. वेढ्यात सापडलेल्या, उद्याची खात्री नसलेल्या लोकांनी हे लिहिलं आहे.

जेवदेतने एक निर्दय डाव टाकला. खेड्यांतल्या कत्तलीतून वाचलेल्या हजारो बायकापोरांना त्याने मुद्दाम वेढ्याच्या आत सोडलं, म्हणजे शहरातलं धान्य लवकर संपेल. त्यांना आत घेतलं गेलं. मिशनच्या आवारात गोवर आणि इतर साथी पसरल्या. मेच्या मध्यापर्यंत परिस्थिती हाताबाहेर चालली होती.

शेवटी रशियन सैन्य उत्तरेकडून येतंय असं कळल्यावर जेवदेतची फौज सरोवरातून होड्यांनी निघून गेली. १८ मेच्या सुमारास रशियन सैन्य आणि त्याच्याबरोबरचे आर्मेनियन स्वयंसेवक शहरात आले. मधल्या एक-दोन दिवसांत वानच्या आर्मेनियनांनी तुर्की वस्तीला आगी लावल्या आणि मागे राहिलेल्या काही तुर्कांना मारलंही. मिशनऱ्यांनी अनेक तुर्क बायकापोरांना आपल्या आवारात आसरा दिला. हेही सांगितलं पाहिजे. आधीची पत्रकातली भाषा त्या दिवशी सगळ्यांनी पाळली नाही.

आराम मानुकियान वानचा प्रशासक झाला, पण सुमारे दोन-अडीच महिनेच. जुलैअखेर रशियन सैन्य एकाएकी मागे हटलं आणि वान प्रांतातले लाखाच्या वर आर्मेनियन त्याच्यामागे पायी कॉकेशसकडे निघाले. घाटांत हल्ले झाले, पलीकडे इग्दिर आणि एचमियाझिनच्या छावण्यांत हगवण आणि टायफसने हजारो गेले. तरीही वानचे बरेच लोक जिवंत राहिले. हारपुतचे किंवा एर्झुरुमचे असे राहिले नाहीत.

मूसा दाग

आता साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, भूमध्य समुद्राच्या काठी. अंताक्याजवळ मूसा दाग नावाचा डोंगर आहे, आणि त्याच्या कुशीत सहा आर्मेनियन गावं होती. रेशीम पिकवणारे, कंगवे कोरणारे साधे लोक. जुलै १९१५ च्या अखेरीस त्यांना हद्दपारीचा हुकूम आला.

त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी इतरांकडे नव्हती: बातमी. झैतूनमध्ये प्रोटेस्टंट पाद्री असलेले दिक्रान आंद्रेआसियान नुकतेच आपल्या गावी, योघुनोलुकला, परतले होते. हुकूम पाळणाऱ्या झैतूनचं काय झालं हे त्यांनी पाहिलं होतं. गावकऱ्यांची रात्रभर चर्चा झाली. सगळ्यांचं एकमत झालं नाही. बितियास गावच्या पाद्रीबुवांना वाटलं की प्रतिकार म्हणजे आत्महत्या. त्यांच्याबरोबर साठेक कुटुंबं हुकूम पाळून निघाली. त्यांना दोष देणं मला जमत नाही. त्या रात्री दोन्ही बाजूंचा युक्तिवाद सारखाच वजनदार होता.

बाकीची चार हजारांवर माणसं शेळ्यामेंढ्या, धान्य आणि भांडीकुंडी घेऊन डोंगरावर चढली. हत्यारं म्हणजे सव्वाशेच्या आत चांगल्या रायफली आणि साडेतीनशे जुन्या गारगोटीच्या बंदुका. पहिल्याच दिवसांत पाऊस कोसळला. अंगावर आडोसा नाही, भाकरीचा लगदा झाला. पण बंदुकीची दारू कोरडी राहिली पाहिजे याची काळजी सगळ्यांनी घेतली. वर पोचल्यावर त्यांनी गुप्त मतदान घेऊन संरक्षण समिती निवडली, मोक्याच्या वाटांवर दगड रचले आणि झाडी ओळखीची असल्याचा पुरेपूर फायदा उचलला. तुर्कांनी एक तोफ वर चढवली तेव्हा एक नेमबाज झाडीतून सरपटत जवळ गेला आणि पाच गोळ्यांत चार गोलंदाज पाडले. नंतर मोठा हल्ला झाला आणि शत्रू छावणीच्या अगदी जवळ येऊन ठेपला. त्या रात्री डोंगरकरांनी अंधारात त्यांनाच वेढलं आणि पिटाळून लावलं. त्यानंतर तुर्कांनी हल्ले थांबवून उपासमारीवर भिस्त ठेवली.

डोंगराला मागच्या बाजूने समुद्र होता. बायकांनी चादरींचे दोन प्रचंड झेंडे शिवले. एकावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं, 'संकटातले ख्रिस्ती: वाचवा'. दुसऱ्यावर नुसता मोठा तांबडा क्रूस. आंद्रेआसियान यांनी 'जो कोणी इंग्रज, अमेरिकन, फ्रेंच, इटालियन किंवा रशियन नौदलप्रमुख हे वाचेल त्याला' म्हणून विनंतिपत्र लिहिलं. पोहणारे तरुण रोज त्याची प्रत घेऊन किनाऱ्यावर जहाजाची वाट बघत बसत. दिवस जात राहिले, समुद्रावर काही दिसेना.

५ सप्टेंबरला 'गीशाँ' या फ्रेंच युद्धनौकेने तो क्रूस पाहिला. पोहणारे तिच्यापर्यंत गेले. मग नौदलप्रमुखाचं जहाज 'जान दार्क' आलं आणि १२ ते १४ सप्टेंबर दरम्यान पाच फ्रेंच जहाजांनी चार हजारांवर लोकांना इजिप्तमधल्या पोर्ट सैदला नेलं. दीड महिन्यात लढणाऱ्यांपैकी अठरा जण मेले होते.

तिथल्या तंबूंत ते चार वर्षं राहिले. तरुण फ्रेंचांच्या 'लेजिओं दोरिआँ' पलटणीत भरती झाले आणि सप्टेंबर १९१८ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या अरारा टेकडीवर लढले. १९१९ मध्ये बहुतेक जण परत गावी आले. पण १९३९ मध्ये फ्रान्सने आपल्या ताब्यातला तो प्रदेश तुर्कस्तानला जाऊ दिला, तेव्हा बहुतेकांनी पुन्हा घरं सोडली आणि लेबनॉनमध्ये अंजार गाव वसवलं. सहांपैकी वाकिफ्लि या एका गावात काही कुटुंबं राहिली. आजच्या तुर्कस्तानातलं ते एकमेव आर्मेनियन खेडं.

जिथे मागे वाट नव्हती

वानला रशियन सैन्य होतं. मूसा दागला समुद्र होता. माझ्या मते सगळ्या फरकाचं मूळ इथे आहे. धैर्य, नेतृत्व, दारूगोळा हे सगळं मोजून झाल्यावर शेवटी प्रश्न उरतो की बाहेरून कुणी येऊ शकत होतं का. जिथे उत्तर 'नाही' होतं तिथे काय झालं पाहा.

शाबिन-काराहिसार हे काळ्या समुद्राच्या दक्षिणेला डोंगरांतलं छोटं शहर, प्रसिद्ध आर्मेनियन सेनानी अंदरानिकचं जन्मगाव. जून १९१५ मध्ये पुढाऱ्यांची धरपकड सुरू होताच तिथले पाचेक हजार लोक, बायकामुलांसकट, कड्यावरच्या जुन्या किल्ल्यात शिरले. सुमारे सत्तावीस दिवस त्यांनी किल्ला लढवला. पाणी संपलं, दारू संपली. नेता पडला. किल्ला पडल्यावर पुरुषांना मारलं, उरलेल्या बायकापोरांना वाळवंटाच्या वाटेला लावलं.

सासूनचे डोंगरी लोक अंदोकच्या शिखरांवर ऑगस्टपर्यंत लढले आणि तसेच संपले. थोडे लोक रात्रीच्या अंधारात फटींतून निसटून रशियन हद्दीत पोचले.

उर्फा मात्र थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे. उत्तरेकडून हद्दपार झालेल्यांचे जथे याच शहरातून जात. महिनोन् महिने उर्फ्याच्या आर्मेनियनांनी दारातून ते पाहिले. हजारोंच्या जथ्यातले शेकड्यांनी उरलेले, पायात काही नाही, बरोबर एकही पुरुष नाही. शिवाय १८९५ मध्ये त्यांच्याच कॅथेड्रलमध्ये आसऱ्याला गेलेली हजारो माणसं जिवंत जाळली गेली होती; ती आठवण वीस वर्षांचीच. म्हणून स्वतःची पाळी आली तेव्हा मकर्तिच योतनेघपारियानच्या नेतृत्वाखाली त्यांनी ठरवलं की निघायचं नाही. दगडी घरं भुयारांनी आणि तळघरांनी जोडली. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांनी फाख्री पाशाच्या सैन्याला रोखून धरलं. घरं फोडायला अखेर जड तोफा आणाव्या लागल्या, आणि त्या डागण्याचं काम एका जर्मन अधिकाऱ्याने, एबरहार्ट वोल्फस्केलने, केलं. त्या दिवसांत तो घरी बायकोला पत्रं लिहीत होता. ती पत्रं आज उपलब्ध आहेत. जर्मनीच्या सहभागाबद्दल शंका घेणाऱ्याने ती वाचावीत.

वाळवंटाकडच्या याच वाटेवर एक जागा आहे जिथे आपल्याकडच्या माणसांनी हे सगळं पाहिलं. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराला ब्रिटिश-हिंदी सैन्य उस्मानी फौजेला शरण गेलं. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. हिंदी कैद्यांना वाळवंट तुडवत रास-अल-ऐनला नेऊन बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्याच रास-अल-ऐनच्या छावणीतले हजारो आर्मेनियन त्याच वर्षी मारले गेले. शिसिर सर्बाधिकारी या बंगाली रुग्णसेवकाने कैदेतल्या आठवणींत आर्मेनियनांच्या हालांबद्दल लिहून ठेवलंय. सातारा-रत्नागिरीकडच्या त्या शिपायांपैकी कुणी घरी आल्यावर काही सांगितलं असेल, आणि एखाद्या घरात ते अजून कुणाला आठवत असेल, तर ते लिहून काढायला हवं.

१९१८: सरदाराबाद

वंशसंहारानंतरची एक लढाई इथे सांगावीच लागेल, कारण तिच्याशिवाय आज आर्मेनिया नावाचा देश नसता. रशियात क्रांती झाली आणि १९१७ च्या अखेरीपासून रशियन सैन्य आघाडी सोडून घरी जाऊ लागलं. मार्च १९१८ च्या ब्रेस्त-लितोव्स्क तहाने कार्सचा मुलूख उस्मानींना मिळाला. ते तिथे थांबले नाहीत. मेमध्ये त्यांची फौज येरेवानच्या पश्चिमेला, एचमियाझिनच्या मठाच्या जवळ, सरदाराबादला येऊन पोचली. येरेवानात तेव्हा वान आणि इतर प्रांतांतून जीव वाचवून आलेले निर्वासित खच्चून भरले होते. यापुढे पळायला जागा नव्हती. धर्मप्रमुख केव्होर्क पाचवे यांना मठ सोडून सुरक्षित जागी चला असं सांगितलं गेलं, त्यांनी नकार दिला.

२१ ते २९ मेच्या दरम्यान सरदाराबाद, बाश-आपारान आणि काराकिलिसा अशा तीन ठिकाणी लढाया झाल्या. सरदाराबादला सेनापती मोव्हसेस सिलिकियानने उस्मानी सैन्याला मागे रेटलं. सैनिकांबरोबर शेतकरी, कारकून, पाद्री आणि निर्वासित उभे होते, बैलगाड्यांतून दारूगोळा जात होता. येरेवानात माणसं आणि धान्य जमवण्याची जबाबदारी होती आराम मानुकियानवर. वानला तीनशे रायफलींवर शहर सांभाळलेला तोच. २८ मेला आर्मेनियाचं पहिलं प्रजासत्ताक जाहीर झालं. आराम पुढच्या जानेवारीत टायफसने गेला.

'हे तर बंडच होतं' असं म्हणणाऱ्यांना

तुर्की सरकारची आजही अधिकृत भूमिका अशी, की युद्धकाळात आर्मेनियनांनी रशियाशी हातमिळवणी करून बंड केलं, वान हा त्याचा पुरावा, आणि त्यावर उपाय म्हणून लोकांना 'दुसरीकडे हलवलं'. त्यात मृत्यू झाले ते साथी आणि अव्यवस्थेमुळे.

यातला एक भाग खरा आहे आणि तो लपवायचं कारण नाही. रशियन सैन्याबरोबर आर्मेनियन स्वयंसेवकांच्या तुकड्या होत्या. त्यांत बहुसंख्य रशियाच्या हद्दीतले आर्मेनियन होते, म्हणजे झारचे प्रजाजन. पण उस्मानी हद्दीतून गेलेलेही काही होते, अगदी माजी खासदार कारेकिन पास्तेर्माजियानसुद्धा. दुसरीकडे, १९१४ च्या उन्हाळ्यात एर्झुरुमला तरुण तुर्कांच्या प्रतिनिधींनी दाशनाकांना रशियातल्या आर्मेनियनांमध्ये उठाव घडवून आणायला सांगितलं होतं. दाशनाकांनी नकार देऊन सांगितलं, की युद्ध झालंच तर प्रत्येक बाजूचे आर्मेनियन आपापल्या देशाशी इमान राखतील. आणि उस्मानी सैन्यातल्या हजारो आर्मेनियन शिपायांनी तेच केलं, बंदुका काढून घेईपर्यंत.

पण तारखा जुळवून पाहा. शिपायांना नि:शस्त्र करण्याचा हुकूम फेब्रुवारीचा, वानची लढाई २० एप्रिलची. उर्फ्याची लढाई तर हद्दपारी सुरू होऊन चार-पाच महिने झाल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीची. आणि नकाशा पाहा. अंकारा, कोन्या, बुर्सा, इझमित ही शहरं रशियन आघाडीपासून शेकडो किलोमीटर दूर, त्यांतली काही तर हजारएक किलोमीटरवर. तिथल्या आर्मेनियनांनी कुठलं बंड केलं होतं? तिथूनही लोक हाकलले गेले, आजीपासून तान्ह्यापर्यंत.

हे फक्त आर्मेनियन सांगतात असंही नाही. युद्ध हरल्यावर १९१९ मध्ये इस्तंबुलात खुद्द उस्मानी सरकारने लष्करी न्यायालयं बसवली. तारा, साक्षी, अधिकाऱ्यांचे जबाब असं सगळं पुढे आलं. जुलै १९१९ मध्ये तलत, एन्व्हर आणि तरुण तुर्कांचे आणखी दोन पुढारी, जमाल आणि डॉ. नाझिम, यांना गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्याआधी, १० एप्रिलला, बोगाझलियानचा अधिकारी कमाल बे याला इस्तंबूलच्या बायझीद चौकात फाशी दिलं होतं. त्याच्यावरचा गुन्हा योझगात भागातल्या आर्मेनियनांच्या कत्तलीचा. योझगात अनातोलियाच्या मध्यावर आहे; तिथून रशियन आघाडी कितीतरी लांब होती. १९२२ मध्ये अंकाऱ्याच्या नव्या संसदेने याच कमाल बेला 'राष्ट्रीय हुतात्मा' जाहीर केलं.